घरच्या खोलीत जॅझ ट्रंपेट रेकॉर्ड करायचाय? माइक असा निवडा

दुकानात काय किंवा यूट्यूबवर काय, माइक दाखवतात तो गाणाऱ्याच्या नाहीतर बोलणाऱ्याच्या आवाजावर. गळ्याला खुलवणारा, वरची बाजू (ट्रेबल) चकचकीत करणारा माइक तिथे भारी वाटतो. तोच ट्रंपेटपुढे ठेवला की आवाज पातळ होतो आणि कानाला टोचतो. ट्रंपेट मुळातच मोठा आणि चकचकीत. त्याला आणखी चमक देणारा माइक नको, थोडा सुस्त माइक लागतो.

बँडपथकात ट्रंपेट वाजवणारे, लग्नसराई संपल्यावर घरी बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार रेकॉर्डिंग) लावून जॅझचा रियाज करणारे आणि आता ते नीट रेकॉर्ड करू पाहणारे, अशांसाठी हे आहे. खोली साधी धरली आहे: दहा बाय बाराची, वर स्लॅब, खाली फरशी.

१. आधी ट्रंपेट काय करतो ते बघा

बी फ्लॅट ट्रंपेटचा नेहमीचा सगळ्यात खालचा सूर साधारण १६५ हर्ट्झला येतो. वरचा सूर ९३० हर्ट्झच्या आसपास जातो, त्याहून वर चढणारेही आहेत. सुरांच्या वरचे उपस्वर १० हजार हर्ट्झच्याही पुढे जातात. याचा सरळ फायदा असा की १०० हर्ट्झच्या खाली ट्रंपेटचं काहीच नसतं. तिथे जे येतं ते पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारची बोअरची मोटार. ते बिनधास्त कापा.

जोराचा सूर एक मीटरवर ११० डीबीच्या (डेसिबल, आवाज मोजायचं माप) आगेमागे असतो, बेलच्या म्हणजे पुढच्या भोंग्याच्या अगदी तोंडाशी १३०च्या घरात.

आता दिशेचं. बेलचा व्यास साधारण १२ सेंटिमीटर. खालचे सूर बेलमधून सगळीकडे पसरतात. २-३ हजार हर्ट्झच्या वरचा भाग मात्र बेलच्या नाकासमोर सरळ जातो, बॅटरीच्या झोतासारखा. म्हणून माइक बेलच्या बरोबर समोर धरला तर धार येते, थोडा बाजूला सरकवला तर आवाज गोल होतो. वीतभर सरकवल्याने पडणारा फरक कित्येकदा दोन वेगळ्या माइकांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

२. माइकच्या आधी खोली

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागे "टर्रर्र" असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. अशा खोलीत महागडा कंडेन्सर (सगळं बारीक ऐकणारा माइक) लावलात तर तो खोली फार छान रेकॉर्ड करेल.

आपल्याकडे उपाय घरातच असतात. कापसाच्या गाद्या आणि जाड गोधड्या. बेलच्या समोरची भिंत सगळ्यात आधी झाका, कारण झोत तिथेच आदळतो. गोधडी भिंतीला चिकटवू नका. दोरीवर टाकून भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर पुढे लटकवा, म्हणजे ती जास्त आवाज खाते. दुसरी गादी तुमच्या पाठीमागे उभी करा, कारण समोरचाच आवाज जास्त घेणाऱ्या माइकचं तोंड तिकडे असतं. फरशीवर सतरंजी. अंड्याचे ट्रे भिंतीला ठोकण्यात वेळ घालवू नका. पुठ्ठा पातळ असतो, त्याने जेमतेम वरचा थोडा भाग दबतो आणि खोली आहे तशीच घुमते.

वर पत्रे असतील तर दुपार सोडून द्या. उन्हाने पत्रा कडकड वाजतो, आणि कूलर बंद करून ४२ अंशांत वाजवणं कुणाला जमत नाही. खोली तापली की ट्रंपेटचा सूर चढतो आणि बॅकिंग ट्रॅकशी बसत नाही, ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढावी लागते. पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ सगळ्यात बरी, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं असेल तर. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळ धरूच नका. जयंतीची नाहीतर लग्नाची मिरवणूक आली की डीजेपुढे कुठलीही गोधडी टिकत नाही.

३. माइकचे तीन प्रकार, ट्रंपेटच्या बाजूने

डायनॅमिक. स्टेजवर नेहमी दिसतो तो. मोठ्या आवाजाला घाबरत नाही, खोली कमी उचलतो, पडला-धडपडला तरी चालतो. शुअर एसएम ५७ हा १९६५पासून बाजारात आहे. ६ हजार हर्ट्झच्या आसपास त्याला उठाव आहे, म्हणून बेलच्या नाकासमोर तो थोडा कर्कश लागतो. बाजूला वळवला की सुधारतो. एसएम ५८ त्याचाच भाऊ. बँडच्या पेटीत तो आधीच असेल तर नवीन काही घेण्याआधी त्याच्यावर महिनाभर काम करा. वरच्या दर्जात इलेक्ट्रो-व्हॉइस आरई २० आणि सेनहायझर एमडी ४२१ हे ट्रंपेटसाठी जुने भरवशाचे गडी. आरई २० जवळ आणला तरी खालची बाजू फारशी फुगवत नाही. एमडी ४२१ला खालची बाजू कमी करायची फिरती कडी असते.

रिबन. आत चुंबकांच्या मध्ये अतिशय पातळ ॲल्युमिनियमची पट्टी असते. वरची बाजू तो आपोआप मऊ करतो, आणि जॅझच्या ट्रंपेटला नेमकं तेच हवं असतं. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून ब्रास वाद्यांपुढे आरसीए कंपनीचे रिबन उभे असत. आजच्यांपैकी रॉयर आर-१२१ आणि बायरडायनॅमिक एम १६० ही माहितीतली नावं. बहुतेक रिबन पुढून आणि मागून सारखंच ऐकतात, बाजूंनी जवळजवळ काहीच ऐकत नाहीत. म्हणजे मागची भिंतही रेकॉर्ड होते, तिथे गादी हवीच. पण आवाज करणारी वस्तू बरोबर बाजूला ठेवली तर ती गायब होते. एम १६० याला अपवाद, तो एकाच दिशेने ऐकतो. छोट्या खोलीत मला तो जास्त शहाणा वाटतो.

कंडेन्सर. सगळ्यात बारीक ऐकणारा. चांगल्या खोलीत, जरा लांबून, हळू वाजवताना सुंदर. रूडी व्हॅन गेल्डर या रेकॉर्डिंग इंजिनिअरने १९५०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जॅझच्या ध्वनिमुद्रिका केल्या. जॅझचा गाजलेला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस, त्याचा ट्रंपेटही तिथे रेकॉर्ड झाला. व्हॅन गेल्डरकडे न्यूमनचा यू ४७ हा कंडेन्सर होता. पण तो माइक वरची बाजू टोचू न देणारा होता, आणि व्हॅन गेल्डर माइक ठेवण्यात उस्ताद होता. आजच्या बऱ्याच स्वस्त कंडेन्सरना ८ ते १२ हजार हर्ट्झच्या मध्ये मुद्दाम दिलेली चमक असते. अडचण तिथे येते.

यूएसबी माइक या कामासाठी घेऊ नका. आतला ॲम्प्लिफायर बोलण्याच्या पातळीसाठी लावलेला असतो, ट्रंपेटच्या जोराला तो फाटू शकतो, आणि पुढे माइक बदलायचा तर सगळंच बदलावं लागतं.

४. माहितीपत्रकातले तीन आकडे

जाहिरातीतली विशेषणं सोडा, हे तीन बघा.

कमाल ध्वनिपातळी. माइक न फाटता जास्तीत जास्त किती डीबी सोसतो ते. १३०च्या वर हवी, १३५ असेल तर निर्धास्त. ऑडिओ-टेक्निका एटी २०२०ची १४४ डीबी आहे, रोड एनटी१-एची १३७. उलट लाखांत किंमत असलेल्या न्यूमन यू ८७ एआयची ११७, पॅड (आत येणारा आवाज आधीच कमी करणारी माइकवरची कळ) लावून १२७. लांबून तो उत्तम, बेलच्या तोंडाशी फाटेल. किमतीवरून सोसण्याची ताकद कळत नाही, हा मुद्दा. डायनॅमिकच्या पत्रकात हा आकडा बहुधा नसतो. ट्रंपेटने तो फाटण्याची भीती नाही.

संवेदनशीलता. ९४ डीबीला माइक किती मिलिव्होल्ट देतो ते. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून हिशेब करूनच बघू. १३० डीबी म्हणजे ९४पेक्षा ३६ डीबी जास्त, म्हणजे व्होल्टेज साधारण ६३ पट. एनटी१-ए ९४ डीबीला २५ मिलिव्होल्ट देतो. १३०ला झाले १.६ व्होल्ट, अंदाजे +६ डीबीयू (व्होल्टेजचं डीबीतलं माप). इंटरफेसचं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचं, माइक इनपुट +९ डीबीयूला भरत असेल तर गेनची (आवाज वाढवायची) कळ शून्यावर असतानाही तुम्ही काठावर आहात. एसएम ५७ ९४ डीबीला १.६ मिलिव्होल्ट देतो; १३०ला ०.१ व्होल्ट. हा आरामात बसतो, वर २० डीबीच्या आसपास गेन द्यायला जागा उरते.

यातून दोन गोष्टी निघतात. रिबन किंवा शुअरचा एसएम ७बी हा डायनॅमिक घेतला की सोबत बूस्टर (माइकचा सिग्नल वाढवणारी डबी) घ्यावाच लागतो, असं जे सगळीकडे ऐकू येतं, ते हळू बोलणाऱ्यांसाठी खरं आहे. उघड्या, म्हणजे म्यूट (बेलमध्ये बसवायचं आवाज दाबणारं बूच) न लावलेल्या ट्रंपेटला बूस्टर नको, ते पैसे वाचवा. आणि कंडेन्सर घेणार असाल तर माइकवरच १० डीबीचं पॅड असलेला बघा. माइकच्या आतलं सर्किट फाटलं तर इंटरफेसवर गेन कमी करून काही होत नाही, आवाज फक्त लहान होतो आणि फाटलेलाच राहतो.

वारंवारतेचा आलेख. ५ ते १२ हजारांच्या मध्ये रेघ वर उचललेली असेल तर जपून. सपाट असेल किंवा वर हळूहळू उतरत गेली असेल तर ट्रंपेटला बरी.

५. मग घ्यायचा कोणता

खोली उघडीबोडकी आणि हातात पंधरा-वीस हजार: एसएम ५७ आणि साधा दोन इनपुटचा इंटरफेस. माइक दहा हजारांच्या आसपास मिळतो. नव्या माणसाने इथून सुरुवात करावी, यात मला शंका नाही.

खोली गाद्यांनी दबलेली आणि म्यूट लावून, हळू वाजवणं जास्त: एटी २०२०सारखा कंडेन्सर चालेल, पण उघडा ट्रंपेट असेल तेव्हा बाजूने आणि दोन फुटांवरून. त्याच्यावर पॅड नाही आणि खालचं कापायची कळही नाही, ते काम सॉफ्टवेअरमध्ये करा.

पैसे साठवायची तयारी आणि पुढची दहा वर्षं हेच करायचंय: एम १६०. तो पन्नास-साठ हजारांच्या पुढे जातो. आर-१२१ लाखाच्या वर. त्याच पैशात आधी चांगला माउथपीस, ट्रंपेटची सर्व्हिसिंग आणि एसएम ५७ बसत असेल तर रिबन पुढच्या वर्षी.

स्टेजवर वाजवायचं असेल तर हिशेबच वेगळा. तिथे बेलला अडकवायचा क्लिपचा माइक सोयीचा, हलाल तसा तो सोबत हलतो. रेकॉर्डिंगला तो नको. व्हॉल्व्हची खटखट उचलतो आणि जागा बदलून आवाज बदलायची मुभाच राहत नाही.

६. सोबत काय लागेल

- एक्सएलआर केबल (तीन पिनांची, माइकची), ५ मीटर. दोन घ्या, एक हमखास दगा देते.
- बूम (आडवा दांडा) असलेला स्टँड आणि पायावर टाकायला वाळूची पिशवी. हलक्या स्टँडवर रिबन चढवला तर तो डोक्यावर जड होऊन पालथा पडतो.
- ४८ व्होल्ट फँटम पॉवरची (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) वेगळी कळ असलेला इंटरफेस.
- कान पूर्ण झाकणारा हेडफोन. उघडा असेल तर बॅकिंग ट्रॅक माइकमध्ये शिरतो.
- मोजपट्टी आणि फरशीवर खुणा करायला चिकटपट्टी.
- खरेदीचं जीएसटी बिल, त्यावर मॉडेलचं नाव आणि असल्यास सिरियल नंबर, वॉरंटी कार्ड, पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ.

विजेचं थोडं. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक घुंऽऽऽ येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बहुतेक वेळा तिथेच थांबतं. थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरघर जाईल, पण वस्तूच्या बॉडीला करंट उतरला तर झटका तुम्हाला बसेल. लाइट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग केलं तर त्याची गुणगुण टेकमध्ये उतरते, तेव्हाही बॅटरीच बरी.

७. माइक ठेवायचा कसा

सुरुवात इथून करा: माइक बेलपासून ४५ ते ६० सेंटिमीटर, बेलच्या मध्यापासून वीतभर बाजूला आणि किंचित वर, तोंड बेलच्या काठाकडे. खोली फारच घुमत असेल तर २० सेंटिमीटरपर्यंत जवळ या, पण मग बाजूचा कोन वाढवा.

जवळ आलात की वाजवणाऱ्याची हालचाल नडते. माइक १५ सेंटिमीटरवर असताना तुम्ही १० सेंटिमीटर मागे झालात तर पातळी ४ डीबीपेक्षा जास्त पडते. ६० सेंटिमीटरवर असताना तेवढीच हालचाल केली तर जेमतेम सव्वा-दीड डीबी. बँडमध्ये चालत, डुलत वाजवायची सवय असते. म्हणून पावलांची जागा फरशीवर चिकटपट्टीने आखून घ्या.

गेन लावताना साध्या सुरांवर लावू नका. त्या गाण्यात जो सगळ्यात वरचा, सगळ्यात जोराचा सूर आहे तो तीन-चारदा वाजवा आणि पातळी दाखवणारा मीटर उणे १० ते उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. खरं वाजवताना माणूस चाचणीपेक्षा जोरात वाजवतोच, ती जागा त्यासाठी.

मग एकच चार मात्रांचा तुकडा तीन जागांवरून रेकॉर्ड करा: बरोबर समोरून, वीतभर बाजूने, दोन वीत बाजूने. ऐकण्याआधी तिन्हींची पातळी सारखी करा. हे केलं नाही तर कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो आणि बरोबर समोरची जागा जिंकते.

फाटतंय, पण मीटर लाल नाही? मग माइकच्या आत फाटतंय. पॅड लावा किंवा लांब जा. मीटर लाल असेल तर गेन कमी करा. आवाज नाकातून आल्यासारखा, डबीतला वाटला तर माइक भिंतीच्या फार जवळ आहे, निदान एक मीटर पुढे आणा. पातळ आणि टोचरा असेल तर इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक बाजूला सरकवा.

म्यूटचा नियम वेगळा. हार्मन म्यूट, त्यातही मधली नळी काढलेला, जो माइल्स डेव्हिसमुळे जॅझची ओळख झाला, फार हळू वाजतो. त्याला माइक ५ ते १० सेंटिमीटरवर लागतो, आणि रिबन किंवा डायनॅमिक असेल तर इथे मात्र ५० डीबीच्या पुढे गेन द्यावा लागतो. इंटरफेसची सळसळ ऐकू येऊ लागते ती याच जागी; कंडेन्सरचा खरा उपयोगही याच जागी. एकाच गाण्यात म्यूट आणि उघडा ट्रंपेट दोन्ही असतील तर दोन वेगळे टेक घ्या. एका गेनवर दोन्ही धरायला जाऊ नका.

८. खरेदीतले खड्डे आणि माइकची निगा

एसएम ५७ आणि ५८च्या नकला बाजारात भरपूर. खोकं, पिशवी, स्टिकर सगळं हुबेहूब. अर्ध्या किमतीत नवा मिळत असेल तर तो नकली समजा. अस्सल एसएम ५७चं वजन २८४ ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघा. वजन कमी भरलं तर परत करा. बरोबर भरलं म्हणून अस्सल ठरत नाही, त्यासाठी अधिकृत विक्रेत्याचं बिलच लागतं. बिलाशिवाय बाहेरून आणलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही.

रिबन कुरिअरने मागवला तर आल्याच दिवशी तपासा. प्रवासातल्या हादऱ्याने पट्टी ताणली जाते. आवाज मलूल आणि नेहमीपेक्षा लहान वाटला, किंवा खालच्या सुरांवर फडफड आली, तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी पाठवा. जुना वापरलेला रिबन न ऐकता घेऊ नका.

साध्या रिबनला फँटम पॉवर लागत नाही. केबल धड असेल तर बहुधा काही होत नाही, पण केबल सदोष असेल किंवा फँटम चालू असताना प्लग घातला तर पट्टी जाऊ शकते. आधी कळ बंद, अर्धा मिनिट थांबा, मग जोडणी. ज्या रिबनच्या आत ॲम्प्लिफायर असतो त्यांना मात्र फँटम हवीच, तेव्हा पत्रक वाचून ठरवा. माइक चालू आहे का बघायला त्यावर फुंकर मारायची सवय सगळ्यांना असते. रिबनपाशी ती करणाऱ्याचा हात धरा.

रिबनच्या चुंबकाला लोखंडाचा कीस ओढून घ्यायची खोड असते. वाळूज, चिखलठाणा किंवा जालन्याच्या कारखान्यांच्या आसपास, लेथ-ग्राइंडरच्या शेजारी राहत असाल तर काम झाल्याबरोबर माइक पिशवीत, पिशवी पेटीत, आणि माइक उभाच ठेवायचा. आत शिरलेला कीस घरी काढता येत नाही. कंडेन्सरला धुळीइतकीच पावसाळी ओल वाईट: दमट हवेत चर्र, फट् असे आवाज येऊ लागतात. जून ते सप्टेंबर त्याच्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका आणि दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला.